कापलेला कर आणि राहून गेलेलं उत्पन्न

परदेशात नोकरीला असलेल्या मुलाला घरचे विचारतात, 'कर भरतोस ना रे?' तो सांगतो, 'पगारातूनच कापून जातो.' बोलणं तिथंच थांबतं. उत्तर खरं असतं, पण अपुरं असतं. कंपनीनं कापला तो पगारावरचा कर. त्याच मुलाचं बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळचं घर भाड्यानं दिलेलं असतं, बँकेत मुदत ठेव असते, शहापूरकडच्या शेतात त्याच्या वाट्याची केळी उभी असते आणि सुट्टीच्या दिवशी तो ऑनलाइन शिकवण्या घेऊन थोडे पैसे मिळवत असतो. यातलं काहीच त्याच्या कंपनीला दिसत नाही. जे दिसत नाही त्यावर ती कर कापणार कशी?

मध्य प्रदेशातला बुऱ्हाणपूर जिल्हा 15 ऑगस्ट 2003 रोजी पूर्व निमाड, म्हणजे खंडवा जिल्ह्यातून वेगळा झाला. इच्छापूर ओलांडलं की महाराष्ट्र लागतो, रावेर-भुसावळशी रोजचं जाणंयेणं असतं आणि शहापूर, दापोरा या पट्ट्यात घरोघरी मराठी बोलली जाते. केळी आणि यंत्रमाग या दोन धंद्यांवर हा जिल्हा उभा आहे आणि उगमावरच करकपात हा प्रकार इथं अनोळखी नाही. सूत देऊन मजुरीवर कापड विणून घेणारा व्यापारी मागमालकाला मजुरी देताना तिच्यातून कर कापतो. माग एकट्या माणसाच्या किंवा एकत्र कुटुंबाच्या नावावर असेल तर ही कपात 1 टक्का असते. एका बिलाची रक्कम 30,000 रुपयांवर किंवा वर्षाची बेरीज 1 लाखावर गेली की ती लागू होते. इथल्या मागमालकाला हे नेमकं ठाऊक असतं की तो 1 टक्का म्हणजे पूर्ण कर नव्हे. वर्षाअखेरी हिशेब मांडायचा असतो आणि कापलेली रक्कम त्यातून वजा करायची असते. त्याचाच पदवीधर मुलगा मात्र परदेशी पगाराच्या चिठ्ठीवर कराचा आकडा पाहून निर्धास्त होतो.

उगमावरच कर कापण्याची कल्पना तशी जुनी आहे. ब्रिटनमध्ये 1803 साली हेन्री अॅडिंग्टन यांच्या कायद्यानं ती आणली. भारतात 1857 नंतर रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी 1860 साली प्राप्तिकर आणला. पुढे 1886 च्या कायद्यानं उत्पन्नाचे चार गट केले. पगार आणि निवृत्तिवेतन, कंपन्यांचा नफा, कर्जरोख्यांवरचं व्याज आणि चौथा गट 'इतर मार्गांचं उत्पन्न'. शेतीचं उत्पन्न त्याच कायद्यानं कराबाहेर ठेवलं आणि ते आजही बाहेर आहे. जपाननं पगारातून कर कापायला 1940 साली सुरुवात केली, ब्रिटनमधली पगारातून करकपातीची आजची पद्धत 1944 ची. दोन्ही निर्णय महायुद्धाच्या धामधुमीत झाले, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. सरकारला पैसा ताबडतोब आणि खात्रीनं हवा होता आणि लाखो माणसांच्या दारात जाण्यापेक्षा काही हजार मालकांकडून तो गोळा करणं सोपं होतं. सोय सरकारची होती. त्या सोयीमुळे नोकरदाराला वाटू लागलं की हिशेब द्यायची जबाबदारीही मालकाचीच. कायद्यानं तसं कुठंही म्हटलेलं नाही.

परक्या मुलखात ठरीव पगारावर काम करणाऱ्या माणसाची जोडकमाई हा प्रश्न बुऱ्हाणपूरनं चारशे वर्षांपूर्वीही पाहिला आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो नोव्हेंबर 1615 मध्ये इथं मुघल शहजादा परवेझला भेटला. रो याचा पगार ईस्ट इंडिया कंपनी देत होती आणि स्वतः खासगी व्यापार करायचा नाही, इतरांनाही करू द्यायचा नाही, ही त्याच्या नेमणुकीची अट होती. अट घालावी लागली, कारण कंपनीचे नोकर तुटपुंज्या पगारावर समुद्र ओलांडत आणि खरी कमाई स्वतःच्या मालाच्या गाठोड्यांतून करत. हे दुखणं पुढची पावणेदोनशे वर्षं चाललं. अखेर गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसनं कलेक्टरांचा खासगी व्यापार बंद केला आणि त्यांना महिना 1,500 रुपये पगार व वसुलीवर 1 टक्का दलाली दिली. जोडकमाईवर बंदी घालायची तर मूळ पगार पोटभर हवा, हे कंपनीला कळायला इतका काळ जावा लागला. आजचा परदेशी नोकरदार कुणाच्या गाठोड्यातला माल चोरत नाही. त्याची जोडकमाई बहुतेक वेळा कष्टाची आणि सरळ असते, फक्त ती सांगायची राहून जाते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, शहापूरचा एक मुलगा तोक्योत संगणक अभियंता आहे. तोक्योच्या एदोगावा भागात, निशी-कासाईच्या आसपास, भारतीयांची मोठी वस्ती आहे. अंबरनाथहून गेलेले योगेंद्र पुराणिक 2019 साली तिथल्या स्थानिक परिषदेवर निवडूनही आले. जपानमध्ये कंपनी दरमहा कर कापते आणि डिसेंबरात वर्षाचा हिशेब स्वतःच जुळवून देते. जास्त कापलेलं परत करते, कमी पडलेलं कापून घेते. याला तिथं 'नेनमात्सु चोसेई' म्हणतात. त्यानंतर हातात एक छोटी चिठ्ठी येते, 'गेन्सेन चोशू ह्यो', तिच्यावर वर्षाचा पगार आणि कापलेला कर असतो. एकच नोकरी आणि पगाराखेरीज काही कमाई नाही, अशा माणसाला सहसा विवरणपत्र भरावंच लागत नाही. ही व्यवस्था खरोखर उत्तम आहे. तिच्यामुळेच गैरसमज पक्का होतो.

पगाराखेरीजचं उत्पन्न, खर्च वजा जाता, वर्षाला 2 लाख येनांच्या वर गेलं की पुढच्या वर्षी 16 फेब्रुवारी ते 15 मार्च या काळात स्वतः विवरणपत्र भरावं लागतं, म्हणजे 'काकुतेई शिनकोकु'. भारतीय मंडळींत या 2 लाखांची चर्चा होते, पण अर्धीच. ही सूट फक्त राष्ट्रीय प्राप्तिकराचं विवरणपत्र न भरण्यापुरती आहे. सुमारे 10 टक्के दराचा रहिवासी कर स्थानिक संस्थेला जातो आणि त्याला अशी सूट नाही. दीड लाख येन मिळवणाऱ्यानं विवरणपत्र भरलं नाही तर चालेल, पण आपल्या भागाच्या कचेरीत जाऊन ती कमाई सांगायला हवी. आणखी एक अट आहे. दवाखान्याच्या खर्चाची वजावट मागण्यासाठी किंवा दुसऱ्या कुठल्याही कारणानं विवरणपत्र भरलंच, तर 2 लाखांखालची जोडकमाईही त्यात दाखवावी लागते. मर्यादा 'भरण्याची' आहे, 'लपवण्याची' नाही.

भाषांतर, लेखन किंवा व्याख्यान यांचं मानधन देणारी जपानी संस्था 10.21 टक्के कर कापूनच पैसे देते. इथं तो मुलगा पुन्हा म्हणतो, 'कापलाय ना!' ही कपात म्हणजे उचल आहे. त्याचा खरा दर त्याच्या पगारासकट सगळ्या उत्पन्नावर ठरतो. कमी निघाला तर पैसे परत मिळतात, जास्त निघाला तर भरावे लागतात. दोन्हींसाठी वाट एकच, विवरणपत्राची.

याहून गंभीर चूक मी अनेकांच्या बोलण्यात ऐकली आहे. मुलगा तोक्योत बसून एखाद्या भारतीय कंपनीचं काम करतो, पैसे बुऱ्हाणपूरच्या बँकेत जमा होतात. मग जपानचा याच्याशी काय संबंध, असं त्याला वाटतं. काम कुठं बसून केलं, ते इथं महत्त्वाचं. श्रम जपानच्या भूमीवर झाले म्हणून ते उत्पन्न जपानमधलं, पैसे मग कुठल्याही खात्यात येवोत. पैसे देणारी कंपनी भारतातली असल्यानं भारतही त्यावर हक्क सांगू शकतो. अशा वेळी दोन देशांतला दुहेरी करटाळणी करार कामी येतो, एका देशात भरलेल्या कराचं श्रेय दुसऱ्यात मिळतं. पण श्रेय मागायचं तर दोन्हीकडे ते उत्पन्न दाखवलेलं हवं.

त्याआधीही एक पायरी आहे, परवानगीची. अभियंत्याच्या परवान्यावर जपानमध्ये राहणाऱ्याला वेगळ्या प्रकारचं काम करायचं तर स्थलांतर विभागाची वेगळी मंजुरी लागते. विद्यार्थी आणि अवलंबून असलेल्या जोडीदारांना तशी मंजुरी आठवड्याला 28 तासांची मिळते. अमेरिकेत एच-1बी परवान्यावर असलेल्यानं ज्या कंपनीनं अर्ज केला तिच्याखेरीज दुसरीकडे काम करूच नये, असा नियम आहे. घरभाडं, व्याज, लाभांश चालतं, श्रमाची कमाई चालत नाही. कर भरला म्हणून परवान्याचा भंग माफ होत नाही आणि परवाना नव्हता म्हणून करही माफ होत नाही. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीनं शिकवणीची पहिली फी घेण्याआधी हे तपासावं. यात हयगय झाली तर रक्कम लहान असली तरी नुकसान मोठं होतं, कारण पणाला देशात राहण्याचा हक्क लागलेला असतो.

किती कमाईपासून सांगायचं, हे देशागणिक बदलतं. जर्मनीत नोकरदाराची जोडकमाई वर्षाला 410 युरोंपर्यंत असेल तर तेवढ्यासाठी विवरणपत्राची सक्ती नाही. ब्रिटनमध्ये किरकोळ धंद्याच्या 1,000 पौंडांपर्यंतच्या जमेला सवलत आहे. अमेरिकेत स्वतंत्र धंद्यातून खर्च वजा जाता 400 डॉलर सुटले की विवरणपत्र आलंच. भावाला जर्मनीत लागू पडलेला नियम बहिणीला अमेरिकेत सांगू नये.

आता इकडचं, बुऱ्हाणपूरचं उत्पन्न पाहू. माझ्या मते सर्वांत जास्त पैसा इथंच सुटून जातो आणि तो सरकारचा नव्हे, घरच्यांचा पैसा असतो.

घर मुलाच्या नावावर, भाडं महिना 10,000 रुपये. मुलगा अनिवासी झाला की भाडेकरूनं दर महिन्याला भाड्यातून 31.2 टक्के कर कापला पाहिजे. 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर. रक्कम लहान आहे म्हणून सूट नाही. मालक निवासी असता तर साध्या भाडेकरूला महिना 50,000 रुपयांपर्यंतच्या भाड्यावर काहीच कापावं लागलं नसतं. मालक परदेशी गेला की पहिल्या रुपयापासून कपात सुरू. त्यासाठी भाडेकरूला कपात करणाऱ्याचा वेगळा क्रमांक घ्यावा लागतो, कर जमा करून दर तिमाहीला विवरण द्यावं लागतं आणि हे केलं नाही तर कसूर भाडेकरूची ठरते. राजपुऱ्यात दोन खोल्यांत राहणाऱ्या शिक्षकाकडून किंवा लहान दुकानदाराकडून ही अपेक्षा ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. निवासी मालकासाठी जशी मर्यादा आहे तशी इथंही असायला हवी. पण मर्यादा नाही, तोवर नियम आहे तोच पाळायचा.

वर्षाचं भाडं झालं 1,20,000 रुपये. कापलेला कर 37,440. आता प्रत्यक्ष कर किती लागतो, पाहा. घरभाड्याच्या उत्पन्नातून 30 टक्के सरसकट वजावट मिळते, म्हणजे करपात्र उरले 84,000 रुपये. नव्या करपद्धतीत 2025-26 या वर्षासाठी पहिले 4 लाख रुपये करमुक्त आहेत आणि हे अनिवासी माणसालाही लागू आहे. भारतात दुसरं उत्पन्न नसेल तर त्याला लागणारा कर शून्य. 37,440 रुपये पूर्ण परत मिळायला हवेत. पण 4 लाखांच्या आत उत्पन्न म्हणून विवरणपत्राची गरजच नाही असं समजून तो ते भरत नाही आणि भरत नाही म्हणून ते पैसे तसेच राहतात. कपात टाळायची असेल तर कर विभागाकडून कमी दरानं कपातीचा दाखला आधीच घेता येतो. दाखला मिळाला की भाडेकरूचंही ओझं हलकं होतं.

12 लाखांपर्यंत कर नाही, असं जे सर्वत्र बोललं जातं, ते अनिवासी माणसाला लागू नाही. ती सवलत 60,000 रुपयांपर्यंतच्या करसवलतीच्या रूपानं येते आणि फक्त निवासी व्यक्तींना मिळते. अनिवासी माणसासाठी 4 लाखांच्या पुढे कर सुरू होतो.

पुष्कळ घरांत भाडं वडिलांच्या खात्यात जमा होतं आणि ते वडिलांचंच उत्पन्न मानलं जातं. घर ज्याच्या नावावर, भाड्याचं उत्पन्न त्याचं. मुलानं ते वडिलांना खर्चायला दिलं, हा घरातला प्रेमाचा व्यवहार झाला. कराच्या हिशेबात ते मुलाचंच राहतं. ते वडिलांचं स्वतःचं उत्पन्न व्हावं असं वाटत असेल तर घराच्या मालकीचा विचार करावा लागेल.

बँकेचंही तसंच. परदेशी नोकरीला गेल्यावर जुनं बचत खातं तसंच चालू ठेवणं परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही. ते अनिवासी साधारण खात्यात, म्हणजे एनआरओ खात्यात बदलून घ्यायचं असतं. या खात्याच्या व्याजावर बँक पहिल्या रुपयापासून 31.2 टक्के कापते. जपान आणि जर्मनी या दोन्ही देशांशी असलेल्या करारांत व्याजावरच्या कराची कमाल मर्यादा 10 टक्के आहे. त्या देशाचा करनिवासाचा दाखला बँकेला आधी दिला तर कपात या दरानं होऊ शकते. परदेशातून पाठवलेल्या पैशाचं एनआरई खातं वेगळं. त्याचं व्याज भारतात करमुक्त असतं. 'भारतात' हा शब्द ठळक समजावा, कारण अमेरिकेत करनिवासी असलेल्याला तेच व्याज तिथल्या विवरणपत्रात उत्पन्न म्हणून दाखवावं लागतं. इथं कर लागलाच नाही, त्यामुळे श्रेय घ्यायलाही काही नसतं. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांतली शिल्लक मिळून वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली तर त्या खात्यांची माहितीही वेगळी द्यावी लागते.

जपानचा नियम याबाबतीत सौम्य आहे. गेल्या 10 वर्षांत एकूण 5 वर्षांपर्यंतच तिथं राहिलेल्या परदेशी नागरिकाचं जपानबाहेरचं उत्पन्न, ते बाहेरच मिळालं आणि जपानमध्ये पैसे आणले नाहीत, तर तिथल्या करात येत नाही. पाच वर्षं उलटली की बुऱ्हाणपूरचं भाडंसुद्धा तोक्योच्या विवरणपत्रात जातं. नियम त्या दिवशी बदलतो आणि कुणी पत्र पाठवून कळवत नाही.

केळीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बुऱ्हाणपूरच्या घरांत हा विषय टाळून चालणार नाही. शेतीचं उत्पन्न भारतात करमुक्त आहे. 1957 साली सर्वोच्च न्यायालयानं राजा बिनोयकुमार सहासराय यांच्या खटल्यात शेती कशाला म्हणायचं ते ठरवून दिलं. जमिनीची मशागत, लागवड अशी मूळ कामं झाली असली पाहिजेत, त्यांना जोडून येणारी निंदणी, राखण, तोडणी ही कामंही मग शेतीतच मोडतात. त्यामुळे घड कापून विकले, पिकवून विकले, तर ते शेतीचं उत्पन्न. पण केळीचे वेफर्स तळून पाकिटं विकली, तर कच्च्या केळीच्या बाजारभावाइतका भाग शेतीचा आणि वरचा नफा धंद्याचा. बुऱ्हाणपूरची निवड 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत केळीसाठी झाली आहे आणि वेफर्स, पावडर, खोडाच्या धाग्याच्या वस्तू करणारे वाढत आहेत. त्यांनी ही रेषा नीट ओळखावी.

करमुक्त म्हणजे न सांगण्याजोगं, असंही नाही. नेपानगरच्या कागद कारखान्यात किंवा कुठल्याही कचेरीत नोकरी करणाऱ्या एखाद्याचं वजावटीनंतरचं करपात्र उत्पन्न 14 लाख आहे आणि केळीतून निव्वळ 5 लाख मिळाले, असं धरू. फक्त पगारावर कर होतो 90,000 रुपये आणि कारखाना तेवढाच कापतो. कायदा मात्र दर ठरवताना शेतीचं उत्पन्न पगारात मिळवतो. 19 लाखांवरचा कर 1,80,000. त्यातून शेतीचे 5 लाख आणि करमुक्त 4 लाख मिळून 9 लाखांवरचा कर, म्हणजे 30,000, वजा. उरले 1,50,000. शेतीवर कर लावलेला नाही, पण शेतीमुळे पगारावरचा कर 60,000 रुपयांनी वाढला, उपकर वेगळा. कारखान्याला केळीची खबर नसते. ही 60,000 रुपयांची तफावत त्या माणसानंच आगाऊ करातून भरायची. 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च या त्याच्या तारखा. शेतीचं उत्पन्न 5,000 रुपयांच्या वर असेल तर सर्वांत सोपा विवरणपत्राचा नमुनाही वापरता येत नाही.

परदेशात ही करमुक्ती पोचतच नाही. भारतीय संसदेनं दिलेली सूट अमेरिकेच्या कर विभागावर बंधनकारक नाही. तिथं करनिवासी असलेल्या मुलाच्या नावावर शहापूरची वडिलोपार्जित जमीन असेल तर केळीचं निव्वळ उत्पन्न त्यानं तिथं दाखवायला हवं. वडिलोपार्जित शेती अनिवासी माणसाला ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. खत, पाणी, रोपं, मजुरी यांच्या पावत्या आपण एरवी जपत नाही, कारण इथं त्यांची गरज भासत नाही. तिकडे त्या नसल्या तर पूर्ण विक्रीच उत्पन्न ठरण्याची भीती असते. खसरा कुणाच्या नावावर आहे, वाटा किती, हेही लेखी हवं. सीमेपलीकडे रावेरला शेत असेल तर सातबारा.

जाण्याच्या वर्षाकडे विशेष लक्ष द्यावं. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक 1 एप्रिलपासूनच्या वर्षात 182 दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला तर त्या वर्षी तो अनिवासी. ऑगस्टमध्ये गेलेला मुलगा या नियमात बसतो. डिसेंबरमध्ये गेलेला बसत नाही, तो त्या वर्षी निवासीच राहतो. निवासी माणसाचं साऱ्या जगातलं उत्पन्न भारतात दाखवायचं असतं. म्हणजे जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांचा परदेशी पगारही, तिथं कर कापलेला असला तरी. कापलेल्या कराचं श्रेय मिळतं, त्यासाठी पुराव्यासह वेगळा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. परदेशी बँक खातंही जाहीर करावं लागतं. जपान, जर्मनी, अमेरिका यांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, आपलं एप्रिलमध्ये, ब्रिटनचं 6 एप्रिलला. म्हणून वर्षाच्या एका आकड्यावर भागत नाही. महिनावार पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्या लागतात.

परत येणाऱ्यांना कायदा थोडी मुभा देतो. बरीच वर्षं बाहेर राहून आलेला माणूस सुरुवातीचा काही काळ 'निवासी पण सर्वसाधारण निवासी नाही' या दर्जात असतो आणि त्या काळात त्याच्या परदेशातल्या बहुतेक उत्पन्नावर इथं कर नाही. आधीच्या 10 पैकी 9 वर्षं अनिवासी असणं किंवा आधीच्या 7 वर्षांत भारतातला मुक्काम 729 दिवसांपेक्षा जास्त नसणं, यांपैकी एक अट पुरी व्हायला हवी.

'कोणाला कळतंय' हा विचार आता टिकणारा नाही. 2015 साली अमेरिकेशी खात्यांच्या माहितीचा करार झाला आणि 2017 पासून भारत इतर देशांशी बँक खात्यांच्या माहितीची दरवर्षी आपोआप देवाणघेवाण करतो. नोव्हेंबर 2024 मध्ये परदेशी मालमत्ता दाखवायची राहिलेल्यांना ती दाखवण्याची आठवण करून देणारी मोहीमही कर विभागानं काढली. निवासी माणसानं परदेशी मालमत्ता दाखवली नाही तर 2015 च्या काळा पैसा कायद्यात 10 लाख रुपयांचा दंड आहे. स्थावर सोडून 20 लाखांपर्यंतच्या मालमत्तेला 1 ऑक्टोबर 2024 पासून त्यातून सूट मिळाली. पण कायद्याच्या धाकापेक्षा मला दुसरी गोष्ट मोलाची वाटते. घराचं कर्ज, मुलांचं शिक्षण, कायमच्या वास्तव्याचा अर्ज, या प्रत्येक ठिकाणी आपली कमाई कागदावर सिद्ध करावी लागते. न दाखवलेला पैसा तिथं उभा करता येत नाही.

1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या जागी प्राप्तिकर अधिनियम, 2025 लागू झाला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, 'करवर्ष' ही नवी संज्ञा आली. म्हणून या प्रकरणात क्रमांक दिलेले नाहीत. दर आणि मर्यादा दरवर्षी अर्थसंकल्पानंतर तपासून घ्याव्यात. वर्षातून एकदा प्राप्तिकराच्या संकेतस्थळावरचं वार्षिक माहिती विवरण उघडून पाहावं. कुणी किती कर कापला, कुठल्या बँकेनं किती व्याज दिलं, ते सगळं त्यात दिसतं.

राहिलेलं उत्पन्न नंतर दाखवायला अद्ययावत विवरणपत्राची सोय आहे, त्यासाठी 48 महिन्यांची मुदत आहे आणि जास्तीचा कर भरावा लागतो. मात्र त्या वाटेनं परतावा मागता येत नाही. परताव्यासाठी मूळ मुदतीत, नाहीतर उशिरात उशिरा 31 डिसेंबरच्या आत विवरणपत्र भरायलाच हवं. तुमच्या घरचं कुणी परदेशात असेल आणि बुऱ्हाणपूरच्या भाड्यातून किंवा ठेवीच्या व्याजातून कर कापला जात असेल, तर यंदाचं विवरणपत्र भरलं का, हे त्यांना या आठवड्यात फोन करून विचारा.